पहिला मारिओ की तिसरा? शत्रू आणि बॉस बघून ठरवायचं असेल तर

नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत हल्ली तो तळहातावर मावणारा ‘४०० गेम’वाला डबा सर्रास मिळतो. पहिला मारिओ (‘सुपर मारिओ ब्रदर्स’) त्यात असतोच, तिसराही (‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’) बऱ्याचदा असतो. घरात आठ-दहा वर्षांचं पोर आहे, सुट्ट्या लागल्यात, आईने रोजचा अर्धा तास बांधून दिलाय आणि सुरुवात कशाने करायची हे ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. स्वतः लहानपणीची उजळणी करू पाहणाऱ्या काका-मामांनाही चालेल.

चित्रं कुठल्यात चांगली, नकाशा कुठल्यात आहे, शेपूट लावून उडता कुठे येतं, हे तुम्हाला माहीत आहे. १९८५ चा गेम आणि १९८८ चा गेम यांत तेवढा फरक असणारच. मी फक्त समोरून कोण येतं आणि शेवटी कोण (म्हणजे बॉस) उभं असतं, एवढंच बघणार आहे. कारण मारिओ आपण खेळतो तो त्यांच्याशी.

पहिल्यात स्टार्ट दाबून चार पावलं टाकली की गुम्बा येतो. भुवया चढवलेलं बुटकं मश्रूम. तो काहीही करत नाही, नुसता चालतो. तरी निम्म्या जगाचा पहिला लाइफ त्याच्याच हातून गेलाय (त्याला हात नाहीत, ही गोष्ट वेगळी). गेम बनवणाऱ्या मियामोतो-तेझुका जोडीने पुढे सांगितलंय की गुम्बा अगदी शेवटी शेवटी घातला. आधी कासवं होती, पण उडी मारायची आणि मग कवच लाथाडायचं, हे नवख्याला पहिल्याच फटक्यात जड जात होतं. म्हणून एका उडीत संपणारा कुणीतरी हवा होता. तोवर जागा इतकी थोडी उरली होती की गुम्बाचं चालणं म्हणजे एकच चित्र डावीकडून उजवीकडे उलटवलेलं आहे. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘शुभ सकाळ’ याहून जड असतं.

या तंगीतून एक गोष्ट फार छान झाली. शत्रू थोडे, पण प्रत्येकाचा नियम पक्का. हिरवं कासव कड्यावरून सरळ खाली पडतं. लाल कासव कडा आला की मागे वळतं. रंग दिसला की उडी कुठे मारायची ते ठरतं. काळ्या पाठीच्या बझी बीटलवर आग (मारिओ फेकतो ते आगीचे गोळे) चालत नाही, उडी चालते. काटेरी स्पायनीवर उडी चालत नाही, आग चालते. पाइपच्या अगदी जवळ उभं राहिलं तर आतलं झाड वर येत नाही. हे कुणी लिहून दिलेलं नाही, पण पोरं एका दुपारीत शिकतात आणि मग एकमेकांना ज्ञान देत बसतात.

आणि मग हॅमर ब्रदर्स. ३-१ मध्ये, म्हणजे तिसऱ्या जगाच्या पहिल्या स्टेजला, ही जोडी पहिल्यांदा भेटते. विटांच्या दोन ओळी, एक भाऊ वर, एक खाली, दोघंही हातोडे फेकतायत, मधूनच ओळ बदलतायत. हातोडा सरळ येत नाही. वर जातो आणि कमान करून खाली पडतो. म्हणजे अगदी लांब उभं राहिलं तर सुरक्षित, अगदी खाली घुसलं तरी बऱ्यापैकी सुरक्षित, मरण आहे ते मधल्या पट्ट्यात. घाबरलेला माणूस नेमका मधल्या पट्ट्यात थांबतो. हे म्हणजे संध्याकाळी सहाला द्वारका चौक पायी ओलांडण्यासारखं आहे: निघालात तर निघालात, अर्ध्यात विचार करायचा नाही. भाऊ वरच्या ओळीत असला की खाली घुसायचं आणि त्याच्या पायाखालची वीट डोक्याने ठोकायची. नुसतं बघत राहिलात तर थोड्या वेळाने ते स्वतःच पुढे चालून येतात. ८-३ मध्ये तर काही जोड्या विटांशिवाय, सपाट जमिनीवरच उभ्या असतात. तिथे जी काही शिवीगाळ मी ऐकली आहे ती इथे लिहिण्याजोगी नाही.

तिसऱ्यात मात्र जत्रा आहे. हा गेम ३८४ किलोबाइटचा, त्यामुळे शत्रूंना जागाच जागा. पाठ केली की येणारं आणि तोंड वळवलं की लाजून डोळे झाकणारं भूत, बू. डोक्यावर धाडकन पडणारा दगडी थ्वाँप. तुडवलं तरी हाडं गोळा करून पुन्हा उभं राहणारं सुकं कासव. साखळीला बांधलेला, दात काढून झेपावणारा चेन चॉम्प. तिसऱ्या जगात पाण्यातून तोंड वासून मारिओला गिळणारा मासा. तुम्ही मोठे असा, आगवाले असा, गिळलं की खेळ खलास. चौथ्या जगात बरेचसे शत्रू मोठ्या आकाराचे. हॅमर ब्रदर्सचे चुलतभाऊ निघाले आहेत: एक बूमरँग फेकतो, एक आग.

यातला माझा लाडका म्हणजे वाळवंटातला सूर्य. दुसऱ्या जगात एका स्टेजमध्ये वर कोपऱ्यात चिडलेला सूर्य दिसतो. तुम्ही म्हणता, असेल सजावट. अर्धी स्टेज तो गप्प असतो आणि मग थरथरून खाली झेप घेतो. कासवाचं कवच हातात धरून ठेवलं आणि तो खाली आला की नेम साधला, तर सूर्यसुद्धा मरतो. नाशिकच्या एप्रिलमध्ये भर दुपारी पंख्याखाली बसून हे करण्यात जे समाधान आहे ते मला दुसऱ्या कुठल्या गेमने दिलेलं नाही. शिवाय ५-३ मधला तो हिरवा बूट. गुम्बाला बुटातून उडवायचं आणि आपण बुटात बसून काट्यांवरून टणाटण जायचं. तो बूट अख्ख्या गेममध्ये त्या एकाच स्टेजला आहे. एवढी चांगली कल्पना एकदाच वापरून सोडून द्यायला दिलदारी लागते.

म्हणजे नुसत्या शत्रूंवर मत टाकायचं तर तिसरा सरळ पुढे आहे, आणि हे म्हणणारे चुकीचे नाहीत. मी फक्त एवढंच म्हणेन की नवीन पोराला तिसऱ्यात शत्रू ओळखायला वेळ मिळत नाही. एका स्टेजला जो भेटला तो पुढच्या चार स्टेजना भेटेलच असं नाही. पहिल्यात तेच दहा-बारा जण फिरून फिरून येतात, दर वेळी थोड्या अवघड जागी. आणि गेम एकदा संपवला की दुसऱ्या फेरीत गुम्बांच्या जागी बझी बीटल येतात: रस्ता तोच, पण आगीचा माज उतरलेला.

आता बॉस, आणि माझं पारडं फिरलं ते इथे.

पहिल्याचे बॉस वरवर पाहता कंटाळवाणे आहेत, हे आधी कबूल. प्रत्येक जगाच्या चौथ्या स्टेजला तोच किल्ला, तोच पूल, पुलावर तोच बाउझर (आम्ही त्याला ड्रॅगनच म्हणायचो), पलीकडे तीच कुऱ्हाड. कुऱ्हाडीला हात लावला की पूल कोसळतो. ज्याच्याकडे आग आहे त्याने पाच गोळे मारले तर पहिल्या सात जगांत कळतं की हा बाउझर खोटा आहे. पहिल्या जगात त्याच्या जागी गुम्बा निघतो, दुसऱ्यात कासव, तिसऱ्यात बझी बीटल. हे बघायला आग शेवटपर्यंत टिकवावी लागते, म्हणजे वाटेत एकदाही लागू द्यायचं नाही. गंमत फुकट मिळत नाही, एवढं मला आवडतं. सहाव्या जगापासून हातोडे सुरू होतात आणि आठव्यात खरा बाउझर आग आणि हातोडे दोन्ही घेऊन उभा असतो. ८-४ मध्ये त्याच्यापर्यंत पोचताना गुम्बा, बीटल, उडती कासवं, उसळते मासे, पाण्यात ब्लूपर नावाचे स्क्विड, आणि दाराशी एक हॅमर ब्रदर, असे जवळजवळ सगळे जुने लोक पुन्हा भेटतात. मध्ये कुठेही चेकपॉइंट नाही, मेलात की स्टेज पहिल्यापासून. पण एकदा त्याच्यासमोर आलात की काय करायचं ते तुम्हाला आधीपासून येत असतं.

तिसऱ्यात सात जगांना सात वेगळे बॉस: लॅरी, मॉर्टन, वेंडी, इगी, रॉय, लेमी, लुडविग. दिसायला एकापेक्षा एक. वेंडी खोलीभर उसळत राहणाऱ्या रिंगा सोडते, लेमी चेंडू सोडतो, रॉय आणि लुडविग उडी मारून आपटले की जमीन हादरते आणि आपण क्षणभर जागच्या जागी गोठतो. ऐकायला झकास. पण सगळ्यांचं औषध एकच: डोक्यावर तीन उड्या. किल्ल्यांमधला छोटा बॉस बूम बूम, त्यालाही तीन उड्या. हात बसलेला असेल तर सामना अर्ध्या मिनिटाचा.

तेही चाललं असतं. मला खटकतं ते त्या अर्ध्या मिनिटाआधीचं जहाज.

हे सातही जण उडत्या जहाजांवर राहतात आणि जहाजाचा पडदा आपोआप सरकतो. तुमच्या वेगाने नाही, त्याच्या वेगाने. तुम्ही कितीही तयार असा, तोफगोळे कुठून येतात ते पाठ असो, फळ्यांमधून डोकं काढून लोखंडी पाने (स्पॅनर) फेकणारा कधी निघतो ते माहीत असो, तुम्ही उजव्या कडेला चिकटून उभे राहायचं आणि पडदा सरकायची वाट बघायची. मग बॉससमोर एखादी उडी चुकली की जहाज नकाशावरून उडून दुसरीकडेच जाऊन बसतं. कधी जवळ, कधी तुम्ही मुद्दाम वगळलेल्या स्टेजच्या पल्याड. म्हणजे आधी ती स्टेज खेळा, मग जहाज गाठा, मग पुन्हा तोच सरकता पडदा, तेच तोफगोळे, आणि शेवटी पुन्हा तीन उड्यांचा सामना.

आमच्या वेळी सिडकोत एका गल्लीतल्या पार्लरमध्ये अर्ध्या तासाचे पैसे घेऊन खेळायला बसवायचे. टीव्हीच्या वर भिंतीवरचं घड्याळ. पहिल्या मारिओत मेलो तर दोष माझा असायचा आणि पळत सुटून वेळ भरून काढता यायचा. तिसऱ्यात जहाज आलं की पैसे माझे, वेळ माझी, आणि पाय त्या जहाजाचे. मागे रांगेत उभी असलेली पोरं ‘अरे जा ना पुढे’ म्हणून ओरडायची. त्यांना काय सांगणार, पुढे जाता येत नाही म्हणून. पार्लरवाल्यालाही बहुधा तिसराच लावायला आवडायचा, आणि त्याचं कारण मला तेव्हाच कळलं होतं.

हल्ली ते पार्लर नाही, पण अर्धा तास आहेच. फक्त आता तो आईच्या मोबाइलवर लागतो. बहिणीच्या मुलाला दोन्ही गेम दिले तेव्हा मी हेच पाहिलं. पहिल्यात गजर वाजेपर्यंत त्याने तोच किल्ला परत परत खेळून घेतला आणि जेवताना हातोडे कसे पडतात ते हातवारे करून दाखवलं. तिसऱ्यात गजर वाजला तेव्हा तो जहाजावर उभा होता. उभाच होता. या स्वस्त डब्यांवर गेम सेव्ह करायची सोय भरवशाची नसते, आणि मूळ तिसऱ्यात तर ती नव्हतीच. पहिल्यातही नाही, पण तिथे १-२ च्या शेवटी छतावरून चालत जाऊन थेट चौथ्या जगात उतरता येतं आणि ४-२ मधल्या वेलीवरून आठव्यात. तिसऱ्यात शिट्ट्या आहेत हे मला माहीत आहे, कुणी सांगायला येऊ नये. पण शिट्टी वाजवून आठव्या जगात गेलं की ते सातही बॉस राहूनच जातात, आणि तिसरा घ्यायचा तो त्यांच्यासाठीच ना?

तिसऱ्याचा शेवटचा बाउझर मात्र पहिल्याहून सरस आहे, हे मान्य करायला हवं. तो उंच उडी मारून तुमच्या अंगावर येतो, विटांची जमीन स्वतःच फोडत जातो आणि तुम्ही योग्य जागी उभं राहून शेवटच्या क्षणी सरकलात तर आपल्याच खड्ड्यातून खाली जातो. त्याला हात लावावाच लागत नाही. पुलाच्या कुऱ्हाडीपेक्षा हे कितीतरी हुशार आहे.

तेव्हा घरात वेळेचं बंधन नसेल, दोघं भावंडं आलटून-पालटून खेळणार असतील आणि नवनवीन प्राणी बघण्यात रस असेल तर तिसरा खुशाल लावा, वाईट वाटणार नाही. मला विचाराल तर मी पोराला पहिलाच देतो, आणि त्याला हॅमर ब्रदर्सच्या खालून जाता आलं की मग तिसऱ्याचं बघू म्हणतो. कुठलाही खेळा, पण मोठ्या एलईडी टीव्हीला जोडणार असाल तर सेटिंगमधला गेम मोड चालू करा. नाहीतर बटण दाबल्यावर उडी जराशी उशिरा लागते आणि गुम्बाच जिंकतो. पहिल्यात गेम ओव्हर झाला तर पहिल्या पडद्यावर ए बटण दाबून धरून स्टार्ट दाबायचं, त्याच जगाच्या सुरुवातीपासून मिळतं. आणि तिसराच घेतलात, तर जहाज जागेवर धरून ठेवणारा नांगर गेममध्ये कुठेतरी लपवलेला आहे. तो सापडला की वापरून टाकू नका, सहाव्या-सातव्या जगापर्यंत सांभाळा.