व्हायब्रेशन प्लेट : पोटऱ्यांना आराम देते, हाडांचं काय?

गणपतीला येताना भाच्याने मुंबईहून ही व्हायब्रेशन प्लेट आणली. जाड काळी पाटी, खाली रबरी पाय, हातात धरायचे दोन पट्टे आणि एक रिमोट. आठ हजारांच्या आसपास मिळते. खोक्यावर ठळक लिहिलंय की रोज दहा मिनिटं हिच्यावर उभं राहिलं की हाडं मजबूत होतात. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असे, आणि माझ्या कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे २.३ आहे. उणे २.५ पासून खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, धरतात, म्हणजे मी अगदी उंबरठ्यावर आहे. तेव्हा खोक्यावरची ती ओळ खरी आहे का, हे मला मनापासून जाणून घ्यायचं होतं. वाडीतल्या बायकाही विचारतात, "बाई, आम्ही पण मागवू काय?" हे त्यांच्यासाठी.

वापरायला प्लेट सोपी आहे. पडवीतल्या शहाबादी फरशीवर ती जागची हलत नाही. माजघरातल्या गुळगुळीत कोब्यावर मात्र सरकत सरकत भिंतीला लागते, खाली रबरी चटई घालावी लागते. आवाज बेताचा. वीज कमी-जास्त झाली की वेग पडायचा, स्टॅबिलायझर लावल्यावर तो त्रास गेला. स्क्रूंना खाऱ्या हवेने गंज धरू लागलाय, ते पुसून तेल लावून ठेवावे लागतात. दिवाळीनंतर आगरात शिपण्याचे दिवस सुरू झाले की संध्याकाळी माझ्या पोटऱ्या भरून येतात. तेव्हा दहा मिनिटं उभं राहिलं की पाय खरोखर मोकळे होतात.

आता हाडं. कंपनाने हाड सुधारेल ही कल्पना कोणा विक्रेत्याने हवेतून काढलेली नाही. तिच्यामागे फार सुंदर जीवशास्त्र आहे. आपल्या अस्थिमज्जेत काही मूलपेशी अशा असतात की त्यांच्यापुढे दोन वाटा असतात : हाड बांधणारी पेशी व्हायचं, की चरबीची. वय वाढतं तशी मज्जेत चरबी वाढत जाते. पेशी कुठली वाट धरणार हे नुसतं हॉर्मोनांवर ठरत नाही, तिला बसणारे ताण आणि धक्केही ते ठरवतात. आणि हे धक्के थेट केंद्रकापर्यंत पोचतात. केंद्रकाच्या आवरणाला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनांचं अस्तर असतं, पागायच्या जाळ्यासारखं विणलेलं. आवरणाच्या आतल्या पडद्यात सन नावाची प्रथिनं आणि बाहेरच्या पडद्यात नेस्प्रिन, दोघं एकमेकांना धरून. सन आतून लॅमिनशी जोडलेलं, नेस्प्रिन बाहेरून पेशीला आकार देणाऱ्या ॲक्टिनच्या तंतूंशी. या साखळीला लिंक कॉम्प्लेक्स म्हणतात. पेशीच्या कडेला ओढ बसली की ती या साखळीतून केंद्रकाला कळते. मी शिकवायचे तेव्हा आमच्या पुस्तकात केंद्रक म्हणजे गुणसूत्रं सांभाळणारी एक गोल पिशवी होती, तिला बाहेरचं काही जाणवतं असं कुठे लिहिलेलं नव्हतं. आज वर्गात उभी राहिले असते तर हा भाग शिकवायला मी एक तास जास्त मागून घेतला असता.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेनिस डिशर यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये दाखवलं की ऊतक जितकं ताठ तितकं त्यात लॅमिन ए जास्त. मेंदूत थोडं, हाडात भरपूर. मूलपेशीत ते वाढवलं की ती हाडाच्या वाटेकडे झुकते. उलट, लॅमिन ए/सी नसलेल्या उंदरांची हाडं विरळ होतात. प्रोजेरिया या आजारात मुलं लहानपणीच म्हातारी दिसू लागतात, त्याचं मूळही याच लॅमिनच्या जनुकात आहे हे २००३ मध्ये उलगडलं.

माझ्या प्लेटच्या सगळ्यात जवळचं काम मात्र गुनेश उझेर, जॅनेट रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, २०१५ चं. त्यांनी मूलपेशींना अगदी सौम्य कंपनं दिली. पेशींनी ती ओळखली, आणि त्यांचं चरबीकडे जाणं आवरलं गेलं. मग त्यांनी लिंकची जोडणी मोडली, तर कंपनाचा परिणाम नाहीसा झाला. पण तशाच पेशींना चांगला जोराचा ताण दिला, तेव्हा त्या प्रतिसाद देतच राहिल्या. म्हणजे सौम्य कंपनासाठी केंद्रकाची जोडणी शाबूत लागते, मोठा ताण मात्र दुसऱ्या वाटेने पोचतो.

एवढं असूनही खोक्यावरचा दावा मी मान्य करत नाही. काचेच्या बशीतली पेशी वेगळी आणि साठी उलटलेली बाई वेगळी. टोरांटोमध्ये रजोनिवृत्ती झालेल्या २०२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. १२ महिने, रोज २० मिनिटं, ०.३ जी इतक्या जोराची कंपनं (एक जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतका जोर). हाडांची घनता सुधारली नाही. शिवाय हे ०.३ जी म्हणजे किती? सेकंदाला ३० वेळा कंपन होत असेल तर पाटी आपल्या जागेपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही हलत नाही. माझी ही प्लेट डोळ्यांना दिसेल अशी डावी-उजवी डुलते. पुस्तिकेत वेगाचे आकडे १ ते ९९ दिलेत, किती हर्ट्झ (सेकंदाला किती कंपनं) आणि किती जी याचा पत्ता नाही. प्रयोगशाळेतलं कंपन हे नव्हेच. त्या संशोधनाच्या पुण्याईवर ही पाटी हाडांसाठी म्हणून विकणं मला अजिबात पटत नाही, कारण घेणारी बाई व्यायाम सोडून हिच्यावर विसंबून राहील.

हाडं सुधारलेली खरोखर मोजली गेली ती ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात. हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रिया होत्या, सगळ्यांची रजोनिवृत्ती झालेली. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनं उचलली आणि वरून जमिनीवर धप्पकन उतरण्याचा व्यायाम केला. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्के घटली. मोठा ताण, पुन्हा तेच.

मी चिपळूणला एका फिजिओथेरपिस्टताईंकडे जाते. त्यांनी आधी पाठीला काठी लावून, पाठ सरळ ठेवून कमरेखालून वाकायला शिकवलं, वजन नंतर दिलं आणि हळूहळू वाढवलं. घरी भरलेली कळशी मी आता तशीच उचलते. देवळात जाताना डांबरी रस्ता सोडून पाखाडी चढते. नाचणी, सुकट आणि डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम चालूच आहे.

पाय आखडतात म्हणून घ्यायची असेल तर प्लेट जरूर घ्या, पण याहून महागातली नको. मणका आधी पिचलेला असेल, पेसमेकर असेल, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा डोळ्याचा पडदा सुटलेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्यावर चढूच नका. ही सूचना पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक इंग्रजीत आहे. ती मराठीत, पहिल्या पानावर हवी. आणि हाडांसाठीच पैसे काढून ठेवले असतील तर ते आधी डेक्सा तपासणीला (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजतात ती) आणि वजन उचलायला नीट शिकवणाऱ्या माणसाला द्या. मी डेक्सा कोल्हापूरला करून घेतली. शिबिरात टाचेवर यंत्र लावून करतात ती तपासणी तिची जागा घेत नाही.

पाचपैकी दोन तारे देते, ते पोटऱ्यांच्या आरामाचे.