थाळी वाजवून विकलेलं कानाचं मशीन

आमची मुलगी दोन वर्षांची होऊनही हाकेला वळत नव्हती. "हिचा बापसुद्धा उशिराच बोलला," असं सासूबाई म्हणायच्या. त्यातच गावच्या मंगल कार्यालयात मोफत कर्णतपासणी शिबिर लागलं.

पांढरा कोट घातलेल्या गृहस्थांनी कानात बॅटरी मारली, लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवला. (आमच्या पुढच्या आजोबांनाही हुबेहूब तोच आलेख दाखवला होता.) मग मुलीच्या कानाला मशीन लावलं आणि तिच्या पाठीमागे स्टीलची थाळी चमच्याने वाजवली. पोरगी वळली! तिथे बसलेल्या कुठल्या आईने पाकीट उघडलं नसतं? दोन्ही कानांचे मिळून बत्तीस हजार. वर "सरकारी अनुदान खात्यात जमा होईल" म्हणून आधारची झेरॉक्सही ठेवून घेतली. अनुदान अर्थातच आलं नाही.

मशीन सारखं शिट्टी मारायचं आणि मुलगी ते ओढून काढायची. फोन केला की "सवय होऊ द्या ताई" एवढंच उत्तर. नंतर तो नंबरच बंद झाला.

आशाताईंनी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा, म्हणजे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या विभागाचा, रस्ता दाखवला. तिथे बेरा झाली. मूल झोपलेलं असताना कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवून करतात ती तपासणी. दोन्ही कानांत तीव्र श्रवणदोष निघाला. ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मॅडमनी आमचं मशीन हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. त्याला आवाज कमीजास्त करायची एक चकती होती, बाकी काही नाही. संगणकाला जोडून मुलाच्या कानाप्रमाणे बसवता येईल असं ते यंत्रच नव्हतं, नुसता आवाज मोठा करणारा डबा. थाळीचा दणका तेवढा पोचत होता. 'स', 'श' असले बारीक आवाज तिच्यापर्यंत येतच नव्हते. शिट्टीचं कारणही कळलं. तयार रबरी टोपी कानात घट्ट बसत नाही. लहान मुलाच्या कानाचं माप घेऊन साचा करावा लागतो, आणि कान वाढतो तसा तो दर काही महिन्यांनी बदलावाही लागतो.

पैशांपेक्षा जास्त राग गेलेल्या महिन्यांचा येतो. बाळाचं बहिरेपण ते तीन महिन्यांचं होण्याच्या आत ओळखावं आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असं तज्ज्ञ सांगतात. आमची आधीच दोन वर्षं उलटली होती, त्यात या मशीनच्या भरवशावर आणखी महिने गेले.

मॅडमनी पावती पाहिली आणि हसल्याच. श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही, आणि आमच्या पावतीवर अठरा टक्के लावलेला! खाली सहीच्या जागी नुसता शिक्का, श्रवणतज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक नाही, मशीनचा अनुक्रमांकही नाही. तुमच्या हातात पावती पडेल तेव्हा आधी या तीन जागा बघा. बेराचा कागद न मागता कुणी लहान मुलाला मशीन विकत असेल, तर तिथून उठाच.

'अनुदान मिळवून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत श्रवणयंत्रं मिळतात, आणि पात्र मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटलाही (शस्त्रक्रिया करून कानाच्या आत बसवायचं यंत्र) मदत होते. इम्प्लांटचं काम मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था पाहते. मध्ये एजंट लागत नाही.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पावती, डबा, शिबिराचं पत्रक, सगळं जपून ठेवलंय. तो गृहस्थ शेजारच्या तालुक्यात शिबिर घेतोय असं कळलं, म्हणून पावतीचा फोटो तिथल्या आशाताईंनाही पाठवलाय.