कांतुच्ची घ्यावी, आमारेत्ती की रिच्चारेल्ली?

इटलीहून येताना बदामाची बिस्किटं आणायची ठरली की दुकानात ही तीन नावं हमखास समोर येतात. भाव बघण्याआधी घरी ती कोण खाणार आणि कशाबरोबर, हे ठरवा. आणखी एक, तिन्हींत अंडं असतं. घरात अंडं चालत नसेल तर विषय इथेच मिटला.

माझं मत कांतुच्चीला. फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावात मातेईंची बेकरी 1858 पासून ती निळ्या कागदी पुड्यात विकते. मैदा, साखर, अंडी, सालासकट अख्खे बदाम, थोडे चिलगोजे, लोणी नाहीच. पिठाची लांब वळकटी भाजायची आणि कोमट असतानाच तिरके काप करायचे. बऱ्याच घरगुती कृतींत ते काप पुन्हा भाजतात. मी पहिल्यांदा वळकटी पार गार होऊ दिली. मग सुरी प्रत्येक बदामावर अडायची आणि कापाचे दोन तुकडे व्हायचे. तो चुरा दोन दिवस दुधात घालून खाल्ला. तोस्कानात ही बिस्किटं विन सान्तो नावाच्या गोड वाइनमध्ये बुडवतात. आपला चहाही चालतो. फक्त टोस्टसारखी घाई नको, जरा बुडवून ठेवावी लागतात. कोरडी खायची तर दात भक्कम हवेत. बॅगेत मोडत नाहीत आणि डब्यात कित्येक आठवडे टिकतात.

आमारेत्तीचं नावच ‘कडू’ या शब्दावरून आलंय. जर्दाळू खाऊन झाल्यावर बी फोडून आतला इवलासा बदाम खाल्लाय ना? त्यातला एखादा कडू निघतो, तीच ही चव. लाझ्झारोनी कंपनीच्या प्रसिद्ध कुरकुरीत आमारेत्तीत तर बदाम नसतोच. साखर, अंड्याचा पांढरा भाग आणि जर्दाळूच्या बियांचा गर, एवढंच. लिगुरियातल्या सास्सेल्लोची आमारेत्ती मात्र मऊ असते. पाहुण्यांपैकी निम्मे एक खाऊन थांबतात, उरलेले डबा संपवतात. आइस्क्रीमवर चुरून घातली तर मात्र कुणी नाही म्हणत नाही. घरी करायची हौस आली तरी कडू बिया मूठमूठ वापरू नका, पोटात गेल्यावर त्यांतून सायनाइड तयार होतं.

रिच्चारेल्ली सिएनाची, नाताळातली. युरोपात 2010 पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. दळलेला बदाम, साखर, अंड्याचा पांढरा भाग. वर पिठीसाखरेचा जाड थर आणि त्याला पडलेल्या भेगा. काजूकतली आवडणाऱ्या माणसाला ही पहिल्या घासात पटते. आजी-आजोबांसाठी तर हीच, चावायला लागतच नाही. पण पुडा उघडला की ती लवकर वाळते, शिवाय पिठीसाखर शर्टभर सांडते.

त्यामुळे रिच्चारेल्ली मी सिएनातच बाकावर बसून खाईन आणि बॅगेत कांतुच्चीचे दोन पुडे टाकेन. आमारेत्तीचा लहान डबा घ्यायचा तो डब्यासाठी. नंतर त्यात लवंग-वेलदोडे छान राहतात.