अकरा महिने वापरून सांगतो: २०१४ चा पीसी, १५ हजारांचं बजेट आणि सोलापूरचं ऊन

हे काय नवीन पीसी घेतल्याचं कौतुक नाहीये, जुनाच पीसी गेम खेळायला अपग्रेड केल्याचा अनुभव आहे, आधीच सांगून ठेवतो. दिवाळी २०१४ ला घेतलेलं मशीन, आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, सगळे भाग ज्यावर बसतात तो), ८ जीबी डीडीआर३ रॅम, जीटीएक्स ७५० टीआय २ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड आणि १ टीबीची हार्ड डिस्क. तेव्हा भारी होता राव, गल्लीतली पोरं खास बघायला यायची. दहा वर्षांनी गत अशी झाली की पीसी चालू करून चहा टाकायचा, चहा उकळला, गाळला, पिऊन कप धुवून झाला तरी डेस्कटॉपवर ते गोल चक्र फिरायलंच असायचं.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा संपता संपता आईची भिशी लागली. त्यातले १५ हजार मागितले तर म्हणाली, "त्या डब्याला अजून किती खायला घालणारेस? नवीनच घे की." पण १५ हजारात नवीन काय येतंय? बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलायचं म्हणलं की तिथंच वीसच्या वर जातं आणि ग्राफिक्स कार्डाच्या नावानं शंख. म्हणून जुन्यातच जीव ओतायचा ठरवलं.

सगळ्यात आधी एक चूक करता करता वाचलो ते सांगतो, कारण हीच चूक माझ्या दोन मित्रांनी केलीय. आपण अपग्रेड म्हणलं की डायरेक्ट कार्ड बघायला लागतो. खरं तर पहिल्यांदा बोर्डाला विचारायला पाहिजे. बोर्ड म्हणजे घरातली आज्जी, नवीन कोणीपण घरात आलं तरी चालणार तिच्याच पद्धतीनं. माझा एच८१ म्हणजे त्या पिढीतला सगळ्यात स्वस्तातला चिपसेट, रॅमचे दोनच स्लॉट, १६ जीबीच्या वर जात नाही, हार्ड डिस्क-एसएसडी जोडायचे फास्टवाले साटा पोर्ट दोनच, एनव्हीएमईचं (साटापेक्षा फास्ट एसएसडी) तर नावच नको, आणि मेन म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस २.० (कार्डाचा डेटा जायचा रस्ता, आकडा मोठा तेवढा वेग जास्त). प्रोसेसर ३.० द्यायला तयार आहे पण एच८१ देऊ देत नाही.

मी आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या बेतात होतो. नवीन कोरं, वॉरंटी, बिल सगळं. सगळं बजेट त्यातच जाणार होतं तरी मन मानत नव्हतं. मग वाचत बसलो तर कळलं की ते कार्ड दिसायला मोठ्या स्लॉटचं असलं तरी डेटा जायच्या लेन चारच वापरतं. ४.० च्या बोर्डावर चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो, तेच कार्ड माझ्या २.० वर लावलं की २ जीबी. वरून मेमरी फक्त ४ जीबी, ती भरली की कार्डाला रॅमकडं पळावं लागतं आणि पळायला रस्ताच नाही. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं, तेव्हा नळ अर्ध्या इंचाचा असला की काय होतं ते सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. याउलट २०१७ चं आरएक्स ५८० पूर्ण सोळा लेनचं, म्हणजे २.० वर पण ८ जीबी मिळतातच, आणि मेमरी पण ८ जीबी. जुनं आहे, १८५ वॅट खातं, गरम होतं, पण माझ्या आज्जीशी तेच पटवून घेणार होतं.

५८० मध्ये पण एक गोम आहे. बाजारात '२०४८ एसपी' नावाचा एक प्रकार फिरतो, नाव ५८० पण आतला चिप ५७० च्या तोलाचा. खऱ्याला २३०४ शेडर (चित्राची गणितं करणारे बारके कोअर) असतात. इथंच एक जण विकत होता, फोनवर "एकदम ओरिजिनल भाऊ", घरी जाऊन जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवलं तर २०४८. त्याला पण माहीत नसावं बहुतेक, चेहरा उतरला बिचाऱ्याचा. चहा पिऊन परत आलो.

शेवटी पुण्यात एका इंजिनिअरिंगच्या पोराकडं मिळालं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, त्या पोराच्या रूमवर जाऊन त्याच्याच पीसीवर वीस मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) चालवलं, स्क्रीनवर ठिपके-रेघा येतात का बघितलं, फॅनला कान लावला, शेडर मोजले, २३०४. "मायनिंगला वापरलेलं नाही" (म्हणजे क्रिप्टोसाठी रात्रंदिवस राबवलेलं नाही) असं तो म्हणाला, सगळेच म्हणतात. ६,२०० ला सौदा झाला. शेंगाचटणी त्याला एवढी आवडली की उरलेली पुडी त्यालाच देऊन आलो.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या भागांना वीज देणारा डबा. यावर पैसे घालताना सगळ्यात जास्त जीवावर आलेलं, आणि आज विचाराल तर सगळ्यात चांगले लागलेले पैसे हेच. कॅबिनेटसोबत आलेला जुना डबा होता, वर '४५० वॅट' छापलेलं, हातात घेतला तर रिकाम्या टिफिनसारखा हलका. ५८० ला आठ पिनची वेगळी वायर लागते, ती त्याला नव्हतीच. दुकानातले अण्णा म्हणाले, "कन्व्हर्टर लावून देतो की, दीडशे रुपयात काम होतंय, कशाला साडेतीन हजार घालवायलाय?" मोह झाला, खोटं नाही बोलणार. पण हार्ड डिस्कच्या बारक्या वायरींवरनं असलं कार्ड चालवायचं म्हणजे घरच्या स्विचबोर्डावरनं कापडाचा माग चालवल्यासारखं आहे. कॉर्सेअरचा ४५० वॅटचा ब्राँझवाला ३,४०० ला घेतला. अकरा महिन्यात एकदाही पीसी आपोआप बंद पडला नाही. त्या दोन मित्रांपैकी एकानं कन्व्हर्टर लावला होता, त्याचा कनेक्टर पिवळा पडून वितळायला आलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

प्रोसेसर सेकंडहँड आय७-४७९०, ३,८०० ला. हा का, तर ४४६० आणि ४७९० एकाच बॅचचे भाऊ आहेत, दोन्ही २०१४ चे, दोन्ही ८४ वॅट, त्यामुळं बायोस (बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेटची भानगड नाही, जुना काढला, थर्मल पेस्ट लावली, नवा बसवला, चालू. कोअर चारच आहेत पण थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) आठ. फरक एफपीएसच्या (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) आकड्यात कमी आणि हाताला जास्त कळतो. आधी जीटीए ५ मध्ये गाडी जोरात पळवली की मध्येच अर्धा सेकंद सगळं थांबायचं, आय५ चे चारही थ्रेड १०० टक्क्यांवर बसलेले असायचे. ते थांबणं गेलं.

रॅम ८ जीबीची जुनी स्टिक ७०० रुपयात, लावली, झाले १६. विषय संपला.

एसएसडीत मात्र स्वतःचाच गाढवपणा. ४८० जीबीची साटावाली २,५०० ला घेतली, लावली, विंडोज टाकलं, फास्ट वाटलं, खूश. दोन महिन्यांनी सहज स्पीड टेस्ट केली तर सेकंदाला २७० एमबीच्या आसपास. विकणाऱ्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, मग कॅबिनेट उघडल्यावर कळलं की फास्टवाल्या दोन पोर्टांवर जुनी हार्ड डिस्क आणि कधीच न वापरलेला डीव्हीडी रायटर ऐटीत बसलेत आणि एसएसडी बिचारी स्लो पोर्टावर. वायर बदलली, ५३० आला. शिव्या परत घेतल्या. तेव्हाच बायोसचा बटणसेल पण बदलला, चाळीस रुपयात, नाहीतर वीज गेली की तारीख दहा वर्षं मागं जायची आणि एकही वेबसाइट उघडायची नाही.

गेम कसे चालतात, तर १०८० पी च्या साध्या ६० हर्ट्झ मॉनिटरवर जीटीए ५ व्हेरी हायच्या आसपास ठेवून ६० एफपीएसच्या वर आरामात. रेड डेड २ मिडीयमवर ४५ ते ५५. एल्डन रिंग मिडीयमला मोकळ्या मैदानात ४५ पर्यंत उतरतं पण खेळता येतं. व्हॅलोरंट तर पळतंच, ते आधी पण पळायचं. सायबरपंक २०७७ साठी ५८० ८ जीबी हे कंपनीनंच सांगितलेलं कमीत कमी कार्ड आहे आणि एसएसडी पण कंपल्सरी केलीय, लो सेटिंगवर एफएसआर (कमी रिझोल्युशनचं चित्र मोठं करून दाखवायची सोय) लावून ४० च्या घरात खेळलो, गर्दीच्या बाजारात ३० ला येतं. पुतण्याला ते पण भारी वाटतं, त्याला फक्त गाडी ठोकायची असते. काय चालत नाही ते पण ऐका, डूम द डार्क एजेस सारखे गेम ज्यांना रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावलीची खरीखुरी गणितं) हार्डवेअरच लागतं ते या कार्डावर विसरा.

मार्चपर्यंत सगळं गोड चाललं होतं. मग उन्हाळा आला.

आमचं घर अशोक चौकाच्या पुढं, पूर्व भागात. शेजारी टॉवेलचे माग, दिवसभर खटखट, आणि हवेत सुताचा बारीक कापूस, जो खिडकीच्या जाळीवर, टीव्हीवर, देवघरातल्या फोटोंवर, सगळीकडं बसतो. एप्रिलात पारा ४३ च्या पुढं गेला आणि माझ्या खोलीत फक्त पंखा. फेब्रुवारीत कार्ड ७२ डिग्रीवर असायचं ते ८५ ला टेकलं आणि प्रोसेसर ९५ च्या पुढं, १०० ला तो स्वतःच स्पीड कमी करतो, म्हणजे गेम पळता पळता अचानक लंगडायला लागायचा. आवाज तर असा की आई स्वयंपाकघरातून, "मिक्सर कोणी चालू ठेवलाय?"

साइडचं झाकण काढून ठेवलं, सगळे तेच सांगतात. आठ दिवस बरं वाटलं, मग पहिल्यापेक्षा वाईट. हीटसिंक उघडून बघितला तर फॅनच्या खाली पांढरा थर, बोटानं उचलला तर अख्खी चकती निघून आली, लेका आत टॉवेलच विणला होता त्यानं! झाकण उघडं ठेवून मी कापसाला आमंत्रणच दिलं होतं. मग झाकण परत लावलं, पुढं ३५०-३५० चे दोन फॅन बसवले हवा आत ओढायला, त्यांच्यापुढं जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चिकटवला. कार्डाची पण पेस्ट बदलली, जुनी वाळून खडू झाली होती. आणि अंडरव्होल्ट केलं, एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येच जाऊन व्होल्टेज ११५० मिलीव्होल्टवरून १०७० वर आणि क्लॉक १३०० मेगाहर्ट्झला बांधलं, दोन-तीन एफपीएस गेले पण भर दुपारी कार्ड ७५-७६ च्या वर गेलं नाही. प्रोसेसर अजून ८५ ला जातो, कंपनीचाच बारका कूलर आहे, चालायचंच. दुपारी १२ ते ४ तसंही खेळत नाही, माणूसच लंगडतो त्या उन्हात.

हिशेब: कार्ड ६,२००, एसएमपीएस ३,४००, प्रोसेसर ३,८००, एसएसडी २,५००, रॅम ७००, पेस्ट २५०, फॅन ७००, झाले १७,५५०. जुनं ७५० टीआय १,८०० ला आणि आय५ ९०० ला गेला, म्हणजे खिशातून १४,८५०. दीडशे रुपये वाचले म्हणून आईला फुशारकीनं सांगितलं पण. (हुतात्माचं तिकीट यात धरलेलं नाही, ते आईला माहीत नाही.)

आणि जूनमध्ये ती फुशारकी उतरली. जुना यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास, बॅटरी म्हातारी. पावसाचा पहिला वारा सुटला, वीज गेली, मी मॅचच्या मध्ये, यूपीएसनं एक लांबलचक पीऽऽ केलं आणि सगळं काळं. आधी बारकं कार्ड होतं तेव्हा पाच मिनिटं तग धरायचा. ४,२०० चा १ केव्हीएचा घ्यावा लागला, खरा खर्च १९,०५० झाला. कोणी असलं कार्ड घेणार असेल तर यूपीएसचे पैसे पहिल्याच कागदावर लिहा.

विंडोजचं पण सांगतो, विचारणारे बरेच आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा इंटेल विंडोज ११ च्या यादीत नाही, तिथं आठव्या पिढीपासून पुढं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग सिंक केलं की सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट मिळतात, ते मी केलंय. जुगाड करून ११ टाकता येतं पण ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या सिक्युरिटीच्या सोयी) मागतं, आमच्या आज्जीकडं ते कुठलं? पुतण्या घरातून बाहेर काढेल मला. तसं जुनं ७५० टीआय ठेवून पण फायदा नव्हता, त्या पिढीच्या कार्डांना एनव्हिडियानं नवीन गेमचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्येच थांबवलं. ५८० चे ड्रायव्हर पण आता नावापुरतेच येतात.

ऑक्टोबर २०२६ ला काय करायचं म्हणून परवा नवीन पीसीचा अंदाज काढायला इथल्या नवी पेठेत गेलो. डीडीआर४, डीडीआर५ रॅमचे भाव असे भडकलेत की अण्णांनी कोटेशन लिहायला घेतलेलं पेन परत खिशात ठेवलं आणि म्हणाले, "तुमचं ते जुनंच चालायलंय ना? मग राहू द्या की." आता फक्त पुढचा एक यूएसबी पोर्ट मेलाय, आणि महिन्यातून एकदा रविवारी शेजारच्या कारखान्यातला ब्लोअर मागून आणायचा, कॅबिनेट गच्चीवर न्यायचा.