मस्टँगच्या टायरात हवा किती? ठाण्यातला एक उन्हाळा आणि एक पावसाळा

गाडी सेकंडहँड फोर्ड मस्टँग जीटी, पाच लिटरचं व्ही८ इंजिन. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं की नाही यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी भांडावं. पुढे २५५/४० आणि मागे २७५/४० चे (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत) १९ इंची टायर घेऊन रोज ठाण्यात फिरायचं म्हटलं की हवेचा प्रश्न पडतोच. नवे टायर होळीच्या सुमारास बसवले, आता दिवाळी तोंडावर आलीय. मधल्या काळात ३० पासून ३६ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सगळे आकडे चालवून बघितले. सध्या पुढे ३३, मागे ३२ वर आहे आणि बहुतेक इथेच राहीन.

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर चारही चाकांना ३२ लिहिलंय. म्हणजे एवढा उपद्व्याप करून मी एका पीएसआयने हललो. हसा हवं तर. पण ते ३२ थंड टायरचे आहेत, आणि सगळी गोम तिथेच आहे.

थंड म्हणजे गाडी तीनेक तास उभी असलेली, किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चाललेली. आमच्या सोसायटीतून पंप गाठायचा तर मानपाड्याचा सिग्नल लागतो, म्हणजे पोचेपर्यंत टायर गरम. पंपावरचा मुलगा विचारतो, ‘‘किती टाकू सर?’’ आपण ३२ सांगतो. मशीन आत ३५ वाचतं आणि इमानेइतबारे तीन पीएसआय सोडून देतं, टिंग वाजतं, आपण खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसमेंटमध्ये गेज लावलं की २९. यात त्या मुलाची काहीच चूक नाही, त्याने सांगितलेलं काम केलं. म्हणून आता हवा मी घरीच, सकाळी, एकाच गेजने बघतो.

अंदाज यावा म्हणून माझे आकडे सांगतो. सकाळी ३२, घोडबंदर रोडवर रेंगाळत गेलं की ३४, एक्सप्रेसवेवर तासभर चालवून फूड मॉलला थांबलं की ३६. ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी आणि गाडी बनवणाऱ्यांनी हिशेबात धरलेली असते. ती बघून घाबरून हवा सोडू नका. गाडी उघड्यावर उन्हात लावली असेल तर आणखी एक गंमत दिसते: उन्हाकडच्या दोन चाकांत सावलीतल्या चाकांपेक्षा दोनेक पीएसआय जास्त. तेव्हा चारही चाकं एकसारखी करायला जाऊ नका, संध्याकाळी सगळं बिघडेल. दहा अंशांना साधारण दीड पीएसआय, हे गणित लक्षात ठेवलं की पुरतं.

लोणावळ्याला गेल्यावर हेच गणित थोडं फिरतं. जानेवारीतली पहाट ठाण्यापेक्षा दहा अंशांनी थंड धरली तर दीड पीएसआय कमी व्हायला हवं. पण वर सव्वासहाशे मीटरवर बाहेरच्या हवेचा दाबच जवळपास एक पीएसआयने कमी, आणि गेज आतला-बाहेरचा फरकच दाखवतं. त्यामुळे प्रत्यक्षात काटा फार हलत नाही. कामाची माहिती नाही, पण मला आवडते.

आता खड्डे. प्रत्येक जण सांगतो, ‘‘हवा जरा कमी ठेव, धक्के बसणार नाहीत.’’ हा सल्ला उंच भिंतीच्या टायरला ठीक. माझ्या पुढच्या टायरची भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतचं रबर, जेमतेम दहा सेंटिमीटर आहे. गायमुखच्या उतारावर ३० वर असताना पुढचं डावं चाक एका खड्ड्यात गेलं आणि ठण्ण असा आवाज आला, तो रबराचा नव्हता, रिमचा होता. खड्ड्याची कड आणि रिम यांच्या कात्रीत भिंत सापडली की आतले धागे तुटतात आणि काही दिवसांनी टायरला फुगा येतो. ३३ वर तसलाच खड्डा धप्प करून जातो. कंबरेला जास्त लागतं, पण रिम वाचतं. कंबर मोफत बरी होते, १९ इंची टायर होत नाही.

मग ३६ का नाही? आठवडाभरात कंटाळलो. अटल सेतूवर गाडी छान धावते, स्टिअरिंगही चटपटीत लागतं, पण उड्डाणपुलांच्या प्रत्येक सांध्यावर मागचा भाग उडी मारतो. पावसात पांढऱ्या पट्ट्यांवर जरा ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं फिरायला लागतात. ३० वर उलटं: पाम बीच रोडच्या लांब वळणांवर स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग वळते. पुढचा भाग जड आहे आणि टायर मात्र मागच्यापेक्षा अरुंद, म्हणून पुढे एक पीएसआय जास्त. मला तो फरक जाणवतो. बायकोला जाणवत नाही, आणि तिचंही बरोबर असेल.

पावसाळ्यात हवा कमी ठेवली की पकड वाढते ही समजूत मात्र डोक्यातून काढाच. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला कधी लागतो याचं नासाने विमानांच्या टायरांवरून काढलेलं सूत्र आहे: पीएसआयचं वर्गमूळ गुणिले साधारण १६.६, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. ३२ ला येतात ९४, २६ ला ८५. कारच्या टायरला नक्षीची खोली आणि रुंदी यामुळे आकडा बदलतो, पण दिशा तीच: हवा कमी, तर तरंगणं लवकर. त्यात आमचे टायर रुंद, म्हणजे आधीच पाण्यावर चढायला उत्सुक. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. मी तीनला बदलणार.

गाडीत टायरची हवा बघणारे सेन्सर आहेत, पण त्यांच्यावर विसंबू नका. अमेरिकेतल्या नियमानुसार डॅशबोर्डवरचा दिवा पेटायला हवा तो शिफारशीपेक्षा २५ टक्के हवा कमी झाल्यावर, म्हणजे ३२ चे २४ झाल्यावर. तोवर बरंच बिघडलेलं असतं. हा नियम आला तो २००० सालच्या फायरस्टोन टायरांच्या प्रकरणानंतर: फोर्ड एक्सप्लोररचे टायर चालत्या गाडीत फाटून अपघात झाले होते. त्या गाड्यांना फोर्डनेच २६ पीएसआय सुचवलं होतं. त्यामुळे स्टिकरच्या वर थोडं जायला मी कचरत नाही, खाली जायला कचरतो. मागे माणसं आणि डिकीत सामान घेऊन पुण्याला जायचं असेल तर मागे ३४ करतो. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो.

टायरात हवेऐवजी नायट्रोजन भरायला पैसे देत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडा असतो हा त्याचा फायदा खरा, पण महिन्याला एक-दोन पीएसआय हवा तशीही जाते, आणि ती बघायला वाकावं लागतंच.

घरचा इन्फ्लेटर (हवा भरायचा छोटा पंप) गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा आहे. चालू असताना त्याचा आकडा खोटा असतो, बंद करून वाचायचा. शेवटी वेगळ्या गेजने खात्री करायची, कारण नळी फिरवून काढताना फुस्स करून थोडी हवा जातेच. म्हणून ३४ पर्यंत भरतो आणि मग गेजने सोडत खाली आणतो.

झीज बघायला नक्षी मोजायचं छोटं गेज घेतलं. मधे आणि दोन्ही कडांना जवळपास सारखी खोली आहे, म्हणजे हवा बरोबर. पुढच्या डाव्या टायरची फक्त आतली कड जास्त गेलीय. एकाच कडेची झीज हवेने होत नाही, ते अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं काम आहे, पुढच्या आठवड्यात दाखवणार. आणि व्हॉल्व्हला त्या चकचकीत धातूच्या टोप्या लावू नका. बऱ्याच सेन्सरांचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असतो, आपल्याकडच्या दमट हवेत टोपी त्याला अशी धरते की पक्कड लावावी लागते, आणि टोपीबरोबर व्हॉल्व्ह तुटला तर टायर उतरवून सेन्सरच बदलायची वेळ येते. प्लास्टिकच्याच ठेवा.