एलईडी लुकलुकली म्हणून ५५५ खरी समजू नका

₹१४,८८०.४०. नकली ५५५ टायमर आयसीपायी माझे इतके गेले. आकडा आधीच सांगतो, कारण ‘सहा रुपयांच्या आयसीत कोण कोणाला फसवणार?’ असं विचारणारे फार भेटले. एनई५५५ चे २०० नग, ६.४० रुपये दराने १,२८०. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून घेतलेले २३०.४०. कुरिअर ११०. त्या आयसी घातलेले २६ टायमर परत आले, त्यांचे ३८५ प्रमाणे १०,०१० रुपये शेतकऱ्यांना मोजून दिले. यावलकडे एका ट्यूबवेलची पाच एचपीची मोटार जळाली, तिच्या वायंडिंगचा निम्मा खर्च ३,२५०. करा बेरीज.

टायमर साधाच आहे. केळीच्या पट्ट्यात लाईट आली की एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि व्होल्टेज बसतं. म्हणून ऑटोच्या, म्हणजे लाईट येताच मोटार आपोआप चालू करणाऱ्या यंत्राच्या, आधी चार मिनिटं थांबवणारा हा बोर्ड. २२० किलोओहमचा रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १.१ गुणिले आर गुणिले सी, म्हणजे २४२ सेकंद. तेवढा वेळ ३ नंबरच्या, म्हणजे आउटपुटच्या, पिनवरचा १२ व्होल्टचा रिले ओढलेला राहतो आणि त्याचा एनसी (रिले ओढला की उघडणारा) कॉन्टॅक्ट स्टार्टरची वाट अडवतो. रिलेची कॉइल ४०० ओहमची, म्हणजे ३० मिलिअँपिअर. खऱ्या बायपोलर (जुन्या, जास्त करंट देणाऱ्या जातीच्या) ५५५ चा आउटपुट २०० मिलिअँपिअरपर्यंतचा आहे. मध्ये ट्रान्झिस्टर घातला नाही म्हणून मला अक्कल शिकवायला येऊ नका, डेटाशीटप्रमाणे तो लागतच नाही.

आलेल्या मालात निघाल्या सीमॉस जातीच्या आयसी, वर छाप मात्र बायपोलरची. सीमॉस ५५५ आउटपुटमधून बाहेर करंट देण्यात कमजोर असते, १० मिलिअँपिअरच्या पुढे व्होल्टेज घसरत जातं. १२ व्होल्टच्या रिलेला ओढायला साधारण ९ व्होल्ट लागतात. ते मिळाले नाहीत की रिले ओढतच नाही, थांबणं रद्द, लाईट येताच मोटार बाकीच्यांबरोबर उठते, पडलेल्या व्होल्टेजवर कॉन्टॅक्टर फडफडतो आणि वायंडिंग जातं. सीमॉस तर महाग असते, ती कोण स्वस्तात देईल, असं विचाराल. नावाजलेल्या कंपनीची महाग असते हो, टाकाऊ लॉटची नाही.

फसवण्याची रीत तुम्हाला माहीतच आहे: आधी पाच नगांचा नमुना अस्सल, मग मोठ्या ऑर्डरला कचरा. आलेल्या लॉटमधले नग ब्रेडबोर्डवर लावून पाहिले होते. १० किलोओहम, ६८ किलोओहम, १० मायक्रोफॅरड, सेकंदाला जवळपास एक लुकलुक. झकास चालल्या. चालणारच! एक किलोओहममागची एलईडी आठ-नऊ मिलिअँपिअर घेते, तेवढं सीमॉसही देते. आपण सगळे जी चाचणी करतो ती या फसवणुकीत काहीच दाखवत नाही, आणि विकणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

जे दिसत होतं ते आयसीच्या पाठीवर होतं आणि अजून डोक्यातून जात नाही. चिन्ह एसटी (एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स) कंपनीचं आणि नंबर एनई५५५पी. डीआयपी (दोन बाजूंना पिनांच्या रांगा असलेल्या) आकाराला शेवटी ‘पी’ लावते ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय). एसटीची असते एनई५५५एन. एकच अक्षर! ट्यूब हातात, भिंग टेबलावर, आणि नजर ‘५५५’ वर थांबते. कोणाचीही थांबते. १९७२ पासून बाजारात असलेली, पोराटोरांच्या प्रोजेक्टमधली आयसी. तिचं शेवटचं अक्षर कोण वाचत बसतं? बिलावर जीएसटी लावलेला, पण जीएसटी नंबरची जागा कोरी. तेही तिथेच, त्याच पाकिटात होतं.

आता नीट तपासायचं कसं ते लिहितो. कापसाला ॲसिटोन लावून पाठ घासा. रंगाचा काळा थर मारून नवी छाप उठवली असेल तर बऱ्याचदा कापूस काळा होतो. लेझरची खरी छाप जात नाही. साच्याची गोल खूण बुजलेली दिसली, किंवा पाठ खरखरीत आणि बाजू गुळगुळीत असली, तर तिथेच थांबा. पण चांगली रंगवलेली आयसी यातूनही सुटते, म्हणून मीटर हवाच.

आउटपुट मोकळा ठेवून ५ व्होल्टचा सप्लाय आणि ८ नंबरची पिन यांच्या मध्ये मिलिअँपिअरमध्ये मीटर लावा. बायपोलर साधारण ३ घेते, जास्तीत जास्त ६. या लॉटने ०.२ सुद्धा घेतले नाहीत. इथेच निकाल लागतो. तरी खात्री हवी तर १२ व्होल्ट द्या, २ आणि ६ नंबर जोडून जमिनीला (ग्राउंडला, १ नंबरला) टेकवा म्हणजे आउटपुट वर राहील, आणि ३ नंबरपासून जमिनीकडे ३३० ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लावा; पाव वॉटचा भाजतो. अस्सल बायपोलर १० व्होल्टच्या वर उभी राहते. आमच्याकडच्या ६-७ वर आल्या. उलट, लोड काढल्यावर आउटपुट पूर्ण १२ दाखवत असेल तर खूश होऊ नका, तेच सीमॉसचं लक्षण; बायपोलर दीड-एक व्होल्ट खालीच राहते.

सर्किटमधून काढलेल्या आयसीत ८ ते ५ पिनमध्ये ५ किलोओहमच्या आसपास मिळायला हवेत, कारण आत ५-५ किलोओहमचे तीन रेझिस्टर आहेत. सीमॉसमध्ये हा आकडा कितीतरी मोठा येतो. सप्लाय दिल्यावर ५ नंबरवर दोन तृतीयांश व्होल्टेज हवं, १२ ला ८. ते नसेल तर आयसी सरळ बाजूला काढा.

वेळ चुकली म्हणून मात्र लगेच नकली म्हणू नका. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २० टक्के इकडे-तिकडे असतो, म्हणजे २४२ सेकंदांचे १९४ ते २९० होऊ शकतात. शिवाय शेवटी त्या २२० किलोओहममधून जेमतेम १८ मायक्रोअँपिअर येतात. वर्षभर पडून राहिलेला कपॅसिटर तेवढे स्वतःच गिळतो आणि टायमर कधी संपतच नाही, उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत तर नक्कीच. ४ नंबर (रीसेटची पिन) मोकळी सोडली असेल तर ती सप्लायला जोडा. ८ आणि १ च्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरड अगदी आयसीला चिकटून हवा, नाहीतर बायपोलर पलटी मारताना ओढते त्या झटक्याने शेजारची दुसरी ५५५ सुद्धा खोटी ट्रिगर होते.

ही सगळी कारणं विक्रेत्याने माझ्यावरच फेकली. ‘भाऊ, तुमचं व्होल्टेज जास्त असेल.’ बोर्डावर ७८१२, म्हणजे १२ व्होल्टचा रेग्युलेटर, आहे. ५५५ च्या १६ व्होल्टच्या मर्यादेवर जायची सोयच नाही. ‘तुमच्याकडे ऊन फार.’ एनई श्रेणी ७० अंशांपर्यंत चालते, आणि माझी चाचणी पंख्याखाली टेबलावर झाली. मग शेवटचं अस्त्र: ‘सोल्डर केलेला माल परत नाही, मुदत सात दिवस.’ आयसी सोल्डर नाही केली तर काय देव्हाऱ्यात ठेवायची?

आणि ज्यांनी दाद घ्यायची त्यांची तऱ्हा ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘आयसी म्हणजे मोबाईलमधली का?’ दुसरा, ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?’ हा सायबरचा विषय म्हणून तिकडे पाठवलं. तिकडे म्हणाले, ओटीपी गेला नाही, खातं रिकामं झालं नाही, हा व्यापारी वाद. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, तर विक्रेत्याने ‘रिप्लेसमेंट देऊ केली’ असं खोटं उत्तर टाकलं आणि तक्रार ‘निकाली’! मला विचारलं कोणी? ग्राहक आयोगाच्या कचेरीत बाहेरच सांगितलं, तुम्ही टायमर विकता, म्हणजे धंद्यासाठी खरेदी, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. साहेब, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम २(७) पूर्ण वाचा. स्वयंरोजगारातून फक्त स्वतःचा उदरनिर्वाह चालवण्यासाठी घेतलेला माल ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत, खाली स्पष्टीकरणात लिहिलंय. आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही, हेही तिथे कोणी आपणहून सांगत नाही. सोळाशे रुपयांसाठी माणूस किती हेलपाटे घालेल, यावरच या लोकांचा धंदा उभा आहे.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, पाकिटावरचं लेबल आणि आयसीची पाठ एकाच चित्रात येऊ द्या. जीएसटी नंबर कोरा असेल तर पैसेच देऊ नका. नमुन्यावर भरवसा ठेवू नका, लॉटमधले नग ट्यूबच्या दोन्ही टोकांकडून आणि मधूनही काढा, ३३० ओहमवर तपासा, तेही परतीच्या मुदतीत. एसटी-टीआयच्या अधिकृत वितरकाकडे नग महाग पडतो, पडू द्या.

माल गळ्यात पडलाच असेल तर ३ नंबर आणि रिलेच्या मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घाला, बेसला ४.७ किलोओहम, कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड. असे केलेले टायमर चाललेत, पण शेतकऱ्याला देताना मला अजून धास्ती वाटते. उरलेल्या आयसी भंगारात टाकू नका, तिथून त्या नव्या छापासह परत येतात. तक्रार चालू असेपर्यंत वीसेक नग पाकीट, लेबल आणि बिलासकट सील करून ठेवा. बाकीच्यांच्या पिना कटरने मुळापासून कापा.