बारावीनंतर शिक्षक व्हायचंय: डीएड, बीएड की चार वर्षांचा इंटिग्रेटेड? आधी वर्ग ठरवा

माझी भाची यंदा बारावी झाली आणि तिला शिक्षिका व्हायचंय. घरात एकजण म्हणतो डीएड कर लवकर मोकळी होशील, दुसरा म्हणतो डीएडला आता कोण विचारतंय, बीएडच कर, आणि तिच्या कॉलेजच्या सरांनी तिसरंच सांगितलं की आता चार वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स निघालाय तोच पुढे चालणार. ती तिन्ही ऐकून माझ्याकडे आली. मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, बारावीनंतर डीएड केलं, नोकरी लागल्यावर बीए आणि नंतर बीएड मुक्त विद्यापीठातून केलं, म्हणजे दोन्ही वाटा थोड्या थोड्या चालून झाल्यात. तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहितेय, कारण हा प्रश्न बऱ्याच घरांत आत्ता चालू असणार.

पहिली गोष्ट, कोर्स आधी निवडू नका. कोणत्या वयाच्या मुलांना शिकवायचंय ते आधी ठरवा, कोर्स त्याच्या मागून येतो. आपल्याकडे सगळे उलटं करतात, कुठे नंबर लागतोय ते बघतात, आणि मग पाच वर्षांनी कळतं की जो वर्ग हवा होता त्याला ही पदवी चालतच नाही.

हे मी उगीच सांगत नाही. २०१८ च्या जूनमध्ये एनसीटीईने (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्राची परिषद) बीएडवाल्यांनाही पहिली ते पाचवी शिकवायची परवानगी दिली होती, फक्त नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा. लाखो मुलांनी त्या भरवशावर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पहिली ते पाचवीसाठीचा पेपर एक दिला. मग ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ती अधिसूचनाच रद्द केली. कोर्टाचं म्हणणं असं की प्राथमिकच्या मुलांना शिकवायचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि ते बीएडमध्ये मिळत नाही. माझ्या एका मैत्रिणीचा पेपर एक पास होता, मार्कही चांगले होते, त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा ती बोलूच शकत नव्हती. त्यामुळे आज चित्र असं आहे: बारावी आणि डीएलएड (आपण अजून डीएडच म्हणतो) केलं की पहिली ते पाचवी. त्याच्यावर पदवी घेतली की सहावी ते आठवीसुद्धा. पदवी आणि बीएड केलं की सहावी ते दहावी, आणि पदव्युत्तर असेल तर अकरावी-बारावी. पण बीएडवर पहिली ते पाचवी नाही, कितीही वरची पदवी असली तरी नाही. इंटिग्रेटेडमध्ये तुम्ही कोणता स्तर निवडता त्यावर ठरतं, पायाभूत (दुसरीपर्यंत), पूर्वतयारी (तिसरी ते पाचवी), मध्य (सहावी ते आठवी) की माध्यमिक (नववीपासून पुढे). हा एक परिच्छेद कागदावर लिहून भिंतीला लावा, बाकी सगळं यानंतर.

आता वेळ आणि प्रवेश. डीएडला दोन वर्षं, प्रवेश बारावीच्या मार्कांवर, वेगळी सीईटी नाही. कोणत्याही शाखेचं चालतं. जिल्ह्याच्या डाएटला (सरकारी शिक्षक प्रशिक्षण संस्थेला) किंवा अनुदानित कॉलेजला नंबर लागला तर फी अगदी कमी, विनाअनुदानितला जास्त. विसाव्या वर्षी मुलगी पात्र होऊन बाहेर पडते, ज्या घरात पाच वर्षं शिकवायची ऐपत नाही त्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि कुणी तिला कमी लेखू नये. बीएडला आधी तीन वर्षांची पदवी, मग दोन वर्षं (२०१५ पर्यंत एकच वर्ष होतं, म्हणून मोठी माणसं अजून एक वर्षच सांगतात), म्हणजे एकूण पाच. त्याला राज्याची सीईटी द्यावी लागते, शंभर प्रश्न, दीड तास, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान आणि शिक्षक म्हणून कल, निगेटिव्ह मार्किंग नाही. परीक्षा अवघड नाहीये, पण चांगल्या कॉलेजला नंबर लागायचा तर दोन-तीन महिने रोज तासभर बसावंच लागतं. खुल्या गटाला पदवीला ५० टक्के आणि राखीवला ४५ लागतात हेही लक्षात ठेवा, एफवायला गंमत करत बसलेली मुलं इथे अडकतात.

इंटिग्रेटेड म्हणजे आयटीईपी, बारावीनंतर सलग चार वर्षं, बीए बीएड, बीएस्सी बीएड किंवा बीकॉम बीएड. २०२३-२४ पासून सुरू झाला. याची प्रवेश परीक्षा देशपातळीवर एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते, एनसीईटी नाव आहे तिचं, तीन तासांची, दोन भाषा, तीन विषय, सामान्यज्ञान आणि अध्यापन अभियोग्यता, आणि इथे चुकलेल्या उत्तराला मार्क कापतात. मराठीतून देता येते हे खूप जणांना माहितीच नाही. जागा कमी आहेत आणि मोजक्याच संस्थांत आहेत. आपल्या भागासाठी भोपाळची एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था आहे, महाराष्ट्र आणि गोवा तिच्याच विभागात येतात, तिथे सलग चार वर्षांचं शिक्षक प्रशिक्षण अनेक दशकांपासून चालतंय. घरापासून लांब जायची तयारी असेल आणि बारावीचा अभ्यास पक्का असेल तर मी डोळे झाकून तिथला फॉर्म भरायला सांगेन, एक वर्षही वाचतं आणि पहिल्या वर्षापासून डोक्यात शाळाच असते. पण एक सांभाळा, काही कॉलेजं जुन्या चार वर्षांच्या बीए बीएडलाही इंटिग्रेटेडच म्हणतात. प्रॉस्पेक्टसवर आयटीईपी लिहिलंय का आणि एनसीटीईची मान्यता नेमकी त्याच कोर्सला आहे का ते वेबसाईटवर स्वतः बघा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

धोरणाचं काय, असं सगळे विचारतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की २०३० पर्यंत चार वर्षांचा इंटिग्रेटेड बीएड हीच शिक्षकाची किमान पात्रता करायची. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर झालेल्यांना एक वर्षाचं बीएड आणायचा मसुदाही एनसीटीईने २०२५ च्या फेब्रुवारीत काढला. म्हणून कुणी डीएडला घाबरत असेल तर मी म्हणेन घाबरून सोडू नका, पण डीएडवरच थांबूही नका. दोन वर्षं झाली की लगेच पदवीला नाव घाला.

आता जे कुणी सांगत नाही ते, म्हणजे आत शिकवतात काय. डीएडमध्ये तुम्हाला मूल वाचायला कसं शिकतं ते शिकवतात. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती, आईबाप दिवाळीनंतर उसाला जायचे, ही आजीपाशी राहायची. पुस्तकात कमळाचं चित्र आणि खाली शब्द. ती बोट ठेवून म्हणायची क, म, ळ, तिन्ही अक्षरं बरोबर, आणि मग वर चित्राकडे बघून म्हणायची, फूल! रोज तेच. अक्षरं येत होती, पण अक्षरं जोडून शब्द होतो हे तिला उमगलंच नव्हतं आणि चित्र असल्यामुळे तिला त्याची गरजही वाटत नव्हती. मी चित्रावर हात ठेवायला लागले, मग चित्राशिवाय तिच्या घरातले शब्द घेतले, ऊस, घर, आजी, आणि कितीतरी दिवसांनी तिने एक दिवस 'घर' एका दमात वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. हे काम ज्याला आवडतं त्याने डीएड करावं. ज्याला रोज तेच तेच करायचा कंटाळा येतो, नाक पुसणं, भांडणं सोडवणं, दप्तरातली हरवलेली पेन्सिल शोधणं नको वाटतं, त्याने पगार बघून पहिलीच्या वर्गावर येऊ नये, त्यात मुलांचं नुकसान आहे.

बीएडचा सगळा भर विषयावर. दोन मेथड, म्हणजे शिकवायचे विषय, घ्याव्या लागतात, मराठी-इतिहास, गणित-विज्ञान अशा, मग सूक्ष्म अध्यापन (एकेका कौशल्याचा छोटा सराव), सराव पाठ, पाठ टाचणं (तासाचं लेखी नियोजन), आणि दोन वर्षांत मिळून २० आठवडे आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून काम. इथे कस लागतो तो तुमच्या पदवीच्या विषयाचा. माझी मैत्रीण नववी-दहावीला गणित घेते, तिला आंतरवासितेच्या पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं, ऋण गुणिले ऋण धन का होतं? नियम आहे म्हणून, असं उत्तर देऊन ती घरी आली आणि रात्रभर त्यावर विचार करत बसली. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर पाढा उलटा मांडला, उणे दोन गुणिले तीन, गुणिले दोन, गुणिले एक, गुणिले शून्य, उत्तर दरवेळी दोनने वाढतंय, मग पुढे काय येणार? मुलांनीच सांगितलं. चौदा-पंधरा वर्षांची मुलं असं अडवतात आणि ते ज्याला आवडतं त्याच्यासाठी बीएड. म्हणून पदवीला विषय निवडताना शाळेत जे शिकवतात तेच निवडा, गणित, विज्ञान, भाषा, इतिहास, भूगोल. बीकॉम करून बीएड केलेल्यांना माध्यमिकमध्ये जागा शोधताना फार त्रास होतो, त्यांना एमकॉम करून ज्युनियर कॉलेजचाच रस्ता राहतो.

आणि एक कळकळीने सांगते. काही बीएड कॉलेजं सरळ सांगतात की यायची गरज नाही, थोडे जास्त पैसे भरा आणि परीक्षेला या. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने तसंच केलं, फाईली विकत घेतल्या, टाचणंही विकत घेतली. तो खासगी शाळेत पहिल्या दिवशी वर्गावर उभा राहिला तेव्हा त्याला फळा कुठून सुरू करायचा तेही माहिती नव्हतं. समोर बसलेल्या चाळीस मुलांचं ते वर्ष कोण परत देणार? असं कॉलेज घराजवळ असलं आणि स्वस्त असलं तरी घेऊ नका.

कोर्सनंतर काय, हे तिघांनाही जवळजवळ सारखंच. पहिली ते आठवीसाठी टीईटी हवी, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, १५० प्रश्न १५० मार्क, खुल्याला ६० टक्के म्हणजे ९० मार्क. पेपर एक पहिली ते पाचवीचा, पेपर दोन सहावी ते आठवीचा. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. हिला हलक्यात घेऊ नका, बालमानसशास्त्रातच बरेच जण जातात. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आधीपासून नोकरीत असलेल्यांनाही, ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे त्यांना, दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. मी २०१० ला लागलेली, त्यामुळे मीसुद्धा आता संध्याकाळी पुस्तक घेऊन बसते, आणि खरं सांगते, वाचताना वर्गातल्या कितीतरी गोष्टींची कारणं आता कळताहेत.

टीईटीनंतर टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, दोन तासांत २०० प्रश्न, ही नववी-दहावीवाल्यांनाही लागते. तिच्या मार्कांवर राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षक भरती होते. इथे मनाची तयारी ठेवा. टेट २०१७ ला झाली, मग एकदम २०२३ ला, मग २०२५ ला. पाच वर्षं मुलं नुसती वाट बघत बसली, काहींची लग्नं अडली, काहींनी दुकानं टाकली. लागल्यावरसुद्धा पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर, २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, ज्युनियर कॉलेजला २० हजार. (आमच्या वेळी प्राथमिकला ३ हजार होते.) मग नियमित वेतनश्रेणी, प्राथमिकला मूळ वेतन २९,२०० पासून, माध्यमिकला बीएडवर ३८,६०० पासून. हा फरक मोठा आहे, पण जिल्हा परिषदेत एका भरतीत जागा जास्त निघतात, आणि माध्यमिकच्या बऱ्याच जागा खासगी संस्थांकडे, त्यातही विषयानुसार. विनाअनुदानित शाळेत काय मिळतं ते गावातल्या एखाद्या शिक्षकाला खासगीत विचारा, तो खरं सांगेल. संस्थेत पैसे भरून जागा घ्यायची भाषा कुणी केली तर उठून या.

बाहेर जायची तयारी असेल तर सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी, तीही द्या, केंद्रीय विद्यालय आणि नवोदयला ती चालते. पुण्या-मुंबईच्या सीबीएसई शाळा जास्त करून बीएडच मागतात आणि मुलाखतीत इंग्रजीतून पाठ घ्यायला लावतात, तिथे पवित्र पोर्टलची वाट बघावी लागत नाही, पण नोकरीची शाश्वतीही तशी नसते.

भाचीला मी म्हटलं, फॉर्म भरायच्या आधी आठ दिवस माझ्या शाळेत ये, पहिली-दुसरीत बस, मग आठ दिवस मैत्रिणीच्या नववीत बस. शाळा नाही म्हणत नाहीत, मुख्याध्यापकांना विचारलं की बसू देतात. नुसतं मागे बसू नका, एखाद्या मुलाला गोष्ट वाचून दाखवा, एखाद्याला भागाकार समजावून बघा. ती पहिलीत चार दिवस बसली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, मावशी, मला नववीच बरी वाटेल. मला थोडं वाईट वाटलं, पण तिने आत्ताच ओळखलं हे फार चांगलं झालं. ती आता बीएस्सीला गणित घेतेय, आणि एनसीईटीचा फॉर्म पुढच्या वर्षी भरायचा की सरळ बीएड सीईटीच्या दिशेने जायचं ते दिवाळीपर्यंत ठरवू म्हणाली.

आणि कागदपत्रं आत्तापासून काढा. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमीलेयर, ज्याला जे लागू असेल ते. वैधतेला महिनोन्महिने जातात, मार्क असूनही तेवढ्यावरून जागा गेलेली मुलं मी बघितलीत. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते दहावीच्या सनदेशी ताडून बघा, वडिलांच्या नावासकट.